कौलं काढून रंगीत पत्रे: रिज, फ्लॅशिंग, घळ, पन्हळ. कुठे कोणती पट्टी आणि किती मापाची?

लाल_चिरा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी जिल्ह्यातलं जुनं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर आहे, खाडीपासून अंदाजे ३ किमी. वानरांच्या उड्यांनी मंगलोरी कौलं दर वर्षी फुटतात, म्हणून कौलं, रिपा, वासे उतरवून चौकोनी पाइपच्या सांगाड्यावर रंगीत पत्रे घालायचे आहेत. मापं बाहेर आलेल्या वळचणीसह देतो.

मुख्य घर ४० फूट लांब, २८ फूट रुंद, दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू), उतार २० अंश.

मागे काटकोनात स्वयंपाकघर: १४ फूट रुंद, मुख्य वळचणीच्या पुढे १२ फूट. त्यालाही दोन पाखी, उतार तोच, वळचणीची उंची तीच. म्हणजे जोडावर दोन घळी (दोन पाखी आतल्या बाजूला मिळतात ती खोलगट रेघ) येणार.

पुढे पडवी: ४० फूट लांब, ७ फूट रुंद, एकच पाखं, उतार १० अंश. तिचा माथा घराच्या भिंतीला टेकतो आणि वरून मुख्य पाख्याची वळचण येते. पडवीचं उजवं टोक कोठीच्या उंच भिंतीला लागतं, डावं मोकळं आहे.

फॅब्रिकेटरच्या कोटेशनमध्ये एवढंच आहे: "पत्रा ०.५०, रिज व फ्लॅशिंगसह" (०.५० म्हणजे मिमी जाडी, फ्लॅशिंग म्हणजे कडा-जोड झाकणाऱ्या पट्ट्या), आणि चौरस फुटाचा दर. माझे प्रश्न:

१. या छपराला नेमक्या कोणत्या पट्ट्या लागतात, प्रत्येकीचं काम काय, माप किती, नग किती?
२. कोणती आधी बसवायची, कोणती नंतर?
३. पडवीचा माथा चिऱ्याच्या भिंतीला मिळतो तिथे गवंडी "सिमेंटने भरून देतो" म्हणतो. चालेल का?
४. पन्हळ लावावी की पागोळ्या तशाच पडू द्याव्यात?

आढं_ते_वळचण

कोटेशनमधली ती ओळ आधी फोडून घ्या. तुमच्या छपराला सात प्रकारच्या पट्ट्या लागतात आणि प्रत्येकीचं माप, कोन, जागा वेगळी आहे. नुसतं "फ्लॅशिंगसह" लिहिलेलं असलं की एकाच मापाची एल आकाराची पट्टी सगळीकडे ठोकली जाते आणि घळीत उरलेला पत्रा वाकवून घातला जातो.

मापं ठरवताना एक हिशोब ध्यानात असू द्या. या पट्ट्या सपाट कॉइल कापून प्रेसवर वाकवतात. कॉइलची रुंदी सहसा १२२० मिमी असते. तिचे दोन भाग केले की ६१० मिमी, तीन केले की ४०६, चार केले की ३०५. यात बसणारी मापं सांगितली तर काही वाया जात नाही आणि कारागीर कुरकुर न करता तेवढी रुंदी देतो. ४३० ची रिज मागितली तर ३०५ चीच हातात पडण्याची शक्यता जास्त.

रिज. दोन्ही पाख्यांचे पत्रे आढ्यावर (छपराच्या माथ्याच्या रेषेवर) एकमेकांना चिकटवत नाहीत, मधे ५० मिमीच्या आसपास फट ठेवतात. ती फट झाकणारी ही पट्टी. ४०६ च्या कापातून घ्या: दोन्ही बाजूंना १८५ मिमी आणि कडेला १५ मिमीची खाली वळलेली दुमड. फट वजा जाता पत्र्यावर १५० मिमीपेक्षा थोडी जास्त झाक मिळते. कोकणात त्याहून कमी घेऊ नका, कारण झड वाऱ्याबरोबर पाख्यावरून उलटी वर चढते. दोन्ही पाखी २० अंशांची असल्याने कोन १४० अंशांचा हवा. तयार रिज १२० अंशांची आणली तर ती मधे उंच राहते, आणि स्क्रू आवळून दाबली की कडा लाटेसारख्या उठतात.

रिजपेक्षाही महत्त्वाचं काम तिच्या खाली आहे. प्रत्येक पत्र्याच्या दोन रिबांमधला (रिब म्हणजे पत्र्यावरची उंच उठलेली ओळ) सपाट भाग आढ्याकडच्या टोकाला पकडीने वर वाकवा, २० ते २५ मिमी, जवळजवळ उभा. उलटं चढलेलं पाणी तिथे अडतं आणि परत खाली येतं. हे दोन मिनिटांचं काम आहे, पण रिज बसल्यावर करता येत नाही. मग पत्र्याच्या आकाराचा बंद पेशींचा फोम रिजच्या दोन्ही कडांखाली.

सांगाड्यात आढ्याच्या दोन्ही बाजूंना १०० ते १२५ मिमीच्या आत एकेक पर्लिन (पत्रा ज्यावर स्क्रूने बसतो तो आडवा पाइप) आहे ना, ते आत्ताच पाहून घ्या. नसेल तर रिजचे स्क्रू फक्त पत्र्याला धरतात, वाऱ्यात पत्र्याचं भोक मोठं होतं आणि रिज सुटते. वानरांचा वावर आहे म्हणून एकाआड एक न करता प्रत्येक रिबवर स्क्रू मारा. पत्र्याच्या रिबा २०० मिमीवर असतील तर एका बाजूला ९०, दोन्ही मिळून १८० होतात. २०० मागवा.

लांबी: मुख्य आढं ४० फूट. स्वयंपाकघराचं आढं १२ अधिक ७, म्हणजे १९ फूट, कारण ते मुख्य पाख्यात ७ फूट आत शिरतं. ८ फुटी नग आणि ६ इंचाचा जोड धरला तर मुख्य आढ्याला ६ नग लागतात आणि शेवटच्यातला सुमारे ५ फूट तुकडा उरतो. तो आणि आणखी २ नग मिळून स्वयंपाकघराचं आढं होतं. एकूण ८, एक जादा धरून ९. उघडी टोकं त्रिकोणी झाकणाने बंद करून घ्या, नाहीतर गांधीलमाशा आणि वटवाघळं पहिल्याच वर्षी घर करतात.

गेबलची पट्टी. पत्र्याची मोकळी बाजू आणि त्रिकोणी भिंत यांच्यामधला कोपरा ती झाकते. ३०५ चा काप: वर १४५, खाली १४०, टोकाला २० ची बाहेर वळलेली दुमड, म्हणजे पाणी भिंतीला न लागता सुटून पडतं. वरची बाजू किमान एक पूर्ण रिब ओलांडून जायला हवी. कडेचा पत्रा सपाट भागात संपत असेल तर त्याची कड वर वाकवा. आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) च्या तिसऱ्या भागात छपराच्या कडा, कोपरे आणि आढं इथे मधल्या भागापेक्षा वाऱ्याची जास्त ओढ धरायला सांगितली आहे. म्हणून इथे वरून आणि बाजूने, दोन्हीकडे दर ३०० मिमीवर स्क्रू. वारा पहिल्यांदा हीच पट्टी उचलतो आणि मग तिच्यामागून पत्रे सोलत नेतो. मुख्य घराला चार उतरत्या कडा, प्रत्येकी १५ फूट. स्वयंपाकघराला दोन, प्रत्येकी साडेसात. पडवीचं डावं टोक ७. एकूण ८२ फूट, ८ फुटी ११ नग. जोड देताना वरचा तुकडा खालच्यावर, ६ इंच.

घळीचा पत्रा. तुमच्या घरात चूक झाली तर सगळ्यात महाग पडेल ती इथे. दोन पाख्यांचं पाणी एका रेषेत उतरतं, म्हणून ३०५ किंवा ४०६ चा काप इथे घेऊच नका. ६१० घ्या: प्रत्येक पंख २८० मिमी आणि कडेला २५ मिमीची वरून आत वळवलेली उलटी दुमड. जोराच्या सरीत पाणी एका पाख्यावरून येऊन दुसऱ्या बाजूला चढतं. ते दुमडीला अडून परत घळीत येतं. दुमड नसली की तेच पाणी पत्र्याखालून घरात उतरतं, आणि वरून कितीही सिलिकॉन फासलं तरी थांबत नाही.

कोन इथे हमखास चुकतो. दोन्ही पाखी २० अंशांची असली तरी ती काटकोनात भेटतात, म्हणून घळीचा कोन १४० न येता १५२ अंश येतो. रिजचाच कोन सांगितला तर पंख पत्र्याला टेकत नाहीत.

दोन्ही पाख्यांचे पत्रे घळीवर १५० मिमी आत येऊ द्या. मधे साधारण २६० मिमी, म्हणजे १० इंच मोकळं राहील. फणसाची आणि आंब्याची पानं वाहून जायला एवढी वाट लागते. घळीच्या मध्यापासून २०० मिमीच्या आत एकही स्क्रू नको. घळीचा पत्रा स्क्रूने न ठोकता त्याच्या दुमडीला अडकवलेल्या छोट्या हुकांनी सांगाड्याला धरतात, म्हणजे उन्हात तो मोकळेपणी ताणतो. खाली दोन्ही पंखांना आधाराचा पाइप हवा. पाय पडून खड्डा झाला की पाणी साचतं आणि गंज तिथून सुरू होतो.

घळीची खरी लांबी सव्वादहा फूट येते. वर ६ इंच, खाली पन्हळीत ४ इंच धरले तर ११ फुटांच्या थोडं वर. एकसंध मिळाली तर उत्तम. नाहीतर खाली ८ फुटांचा आणि वर ४ फुटांचा तुकडा, ९ इंचाचा जोड, वरचा खालच्यावर.

भिंतीच्या पट्ट्या. पडवीच्या माथ्यावर आडवी भिंत आणि कोठीकडे उताराला समांतर भिंत, अशा दोन प्रकारच्या. माथ्याची पट्टी ३०५ च्या कापातून: भिंतीवर १००, पत्र्यावर १८५, कडेला २० दुमड. पडवीचा उतार १० अंश म्हणून कोन १०० अंश. पत्र्याची टोकं इथेही वर वाकवायची आणि फोम घालायचा. मुख्य वळचण वर आहे म्हणून इथे पाऊस थेट पडत नाही, पण पागोळ्या पडवीच्या पत्र्यावर आपटून भिंतीवर शिंतोडे उडतात, त्यामुळे उभी बाजू १०० पेक्षा कमी नको. ४० फुटांना ६ नग. कोठीच्या भिंतीला एक ८ फुटी नग पुरतो. त्याची पत्र्यावरची बाजू किमान एक पूर्ण रिब ओलांडून पलीकडच्या सपाट भागात खाली वळलेली हवी, म्हणून तो ४०६ च्या कापातून घ्या. त्याच्या खालच्या टोकाला पट्टी तिरकी बाहेर वळवून पाणी पन्हळीत ढकला. हे न केल्यास सगळं पाणी कोठीच्या भिंतीवरून खाली ओघळतं आणि चिरा वर्षभर ओला राहतो.

झाकणपट्टी. वरच्या दोन्ही पट्ट्यांची उभी कड भिंतीला नुसती टेकलेली असते. तिच्या मागे पाणी जाऊ नये म्हणून भिंतीत खाच मारून दुसरी छोटी पट्टी वरून सोडतात. १२२ चा काप (कॉइलचे दहा भाग): खाचेत २५, खाली ८०, टोकाला दुमड. ७ नग. गवंड्याचा सिमेंटचा प्रश्न इथलाच आहे. त्यावर ज्यांना साहित्यातलं अधिक कळतं त्यांनी लिहावं.

वळचणीची ड्रिप पट्टी. पत्र्याखाली, पर्लिनवर. पत्र्याच्या टोकावरचं पाणी पृष्ठताणाने मागे सरकून पर्लिनला आणि भिंतीला लागतं, ते हिच्यामुळे तुटतं. १५२ चा काप पुरतो. सगळ्या वळचणी मिळून १३० फूट, म्हणजे १८ नग.

आता क्रम. पन्हळीचे ब्रॅकेट, पन्हळ आणि ड्रिप पट्टी सगळ्यात आधी. मग दोन्ही घळी. मग स्वयंपाकघराचे पत्रे आणि त्यावरची रिज, आणि त्यानंतरच मुख्य घराचं मागचं पाखं. बहुतेक जण सगळ्या रिज शेवटी घालतात, आणि तिथेच फसतात. स्वयंपाकघराच्या रिजचं आतलं टोक मुख्य पाख्याच्या पत्र्याखाली २०० मिमी जायला हवं. टोक कापून सपाट पसरवा, घळींच्या माथ्यावर ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) बसवा आणि मुख्य पत्रा त्यावरून आणा. रिज नंतर घातली तर ते टोक पत्र्यावर बसतं आणि वरून येणारं पाणी सरळ त्याच्या तोंडात जातं.

नंतर पुढचं पाखं, पडवी, भिंतीच्या पट्ट्या, झाकणपट्टी, गेबल आणि शेवटी मुख्य रिज, गेबलच्या पट्टीवरून. आपल्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून पत्रे आणि रिज पूर्वेच्या टोकाकडून बसवत या. जोडाची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते.

जस्त_अॅल्युमिनियम

वरच्या मापांत बदल सुचवत नाही. साहित्याचं लिहितो, कारण खाडीपासून ३ किमीवर पट्टी बरोबर मापाची असूनही चार-पाच वर्षांत सडू शकते.

पहिलं, पट्ट्या पत्र्याच्याच कॉइलच्या असाव्यात. सर्रास होतं काय, तर पत्रा चांगल्या कंपनीचा ०.५० चा आणि पट्ट्या जवळच्या रंगाच्या साध्या जस्त लेपाच्या ०.३५ च्या. रंग सारखा दिसतो म्हणून कोणी पाहत नाही. कोटेशनमध्ये लिहून घ्या: अॅल्युमिनियम-जस्त लेप, एझेड १५०, पत्रा आणि पट्ट्या दोन्हींना. १५० म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप. अशा रंगीत पत्र्याचं भारतीय मानक आयएस १५९६५, आणि साध्या जस्त लेपावरच्या रंगीत पत्र्याचं आयएस १४२४६. पत्र्याच्या मागे छापलेला मजकूर वाचा आणि पट्टीच्या मागचाही वाचा. ०.५० हा आकडा रंग आणि लेप धरून की नुसत्या पोलादाचा, तेही विचारा. दोन दुकानदारांचे दर कधीकधी एवढ्यावरच वेगळे असतात.

दुसरं, सिमेंट. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: चालणार नाही. ओलं सिमेंट क्षारधर्मी असतं आणि अॅल्युमिनियमचा लेप खातं. शिवाय पत्रा ताणतो-आक्रसतो, सिमेंट तसं करत नाही. ४० फूट पोलादी पट्टी ४० अंश तापमानफरकाला सुमारे ६ मिमी लांब-आखूड होते. पहिल्या उन्हाळ्यातच सिमेंट सुटतं आणि केसाएवढी फट पडते, जी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

योग्य रीत अशी. चिऱ्यात कटरने ३० मिमी खोल खाच मारायची. शक्यतो दोन चिऱ्यांच्या सांध्यात न मारता चिऱ्याच्या अंगात मारा, कारण सांध्यातला जुना मसाला भुसभुशीत असतो. खाच ब्रशने आणि हवेने साफ करायची. झाकणपट्टी बाहेरच्या बाजूला किंचित खाली उतरती ठेवून आत सरकवायची, दर ४०० ते ५०० मिमीवर तिच्याच पत्र्याच्या दुमडलेल्या पाचरीने आवळायची आणि तोंड पॉलियुरेथेन सीलंटने भरायचं. ६ मिमी रुंद आणि १० मिमी खोल भरलं तर ४८ फुटांना साधारण ९०० मिली लागतं, म्हणजे ३०० मिलीच्या ३ नळ्या. गवंड्याला वरून गिलावा करायचाच असेल तर तो झाकणपट्टीच्या वर १० मिमी थांबवायचा.

चिरा सच्छिद्र आहे हे विसरू नका. कोठीची भिंत वर उघडी असेल तर ती पाणी पिते आणि ते आतून पट्टीच्या मागे उतरतं. तिथे पट्टी कितीही चांगली असली तरी उपयोग नाही, वरच्या भिंतीला आणि भिंतीच्या माथ्याला गिलावा हवाच.

तिसरं, सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी स्वस्त नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. तिच्यातून सुकताना अॅसिटिक आम्ल सुटतं आणि ते जस्ताला खातं. छपराला न्यूट्रल सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनच. आणि जोडावर वरून फासायचं नाही, जोडाच्या आत दोन रेघा ओढून मग दाबायचं. वरून फासलेलं उन्हात दोन वर्षांत सोलतं.

चौथं, स्क्रू. रिबच्या माथ्यावरून पर्लिनमध्ये जाणारा ५५ मिमीचा, पट्टी पत्र्याला जोडणारा २० मिमीचा, दोन्हींना ईपीडीएम रबराचा वॉशर. स्टेनलेसचे स्क्रू चांगले असतील असं वाटून घेऊ नका, खाऱ्या हवेत ते अॅल्युमिनियम-जस्त लेपाला भोवतालून खातात. किनाऱ्यासाठीचा जाड लेप असलेलेच मागा. जास्त आवळला की वॉशर चपटा होऊन बाहेर येतो आणि फाटतो, कमी आवळला की पाणी जातं. वॉशर कडेला किंचित फुगलेला दिसला की थांबायचं. शिसं आणि तांबंही या पत्र्याच्या संपर्कात नको. एसीच्या तांब्याच्या नळीवरून ठिबकणारं पाणीसुद्धा छपरावर पडू देऊ नका.

पाचवं, ग्राइंडर. पट्ट्या छपरावर ग्राइंडरने कापायच्या नाहीत. ठिणग्या रंगात रुततात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उमटतात, शिवाय कापलेल्या कडेचा लेप जळतो. पत्रा कापायची कात्री किंवा निबलर (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) वापरा. आणि रोज संध्याकाळी काम थांबवताना स्क्रूचा लोखंडी कीस मऊ झाडूने झाडून घ्या. रात्रीच्या दवात तोही गंजतो.

पट्ट्यांच्या ज्या भागाला पाऊस लागत नाही, म्हणजे वळचणीच्या आत आणि गेबलच्या खालच्या बाजूला, तिथे मीठ साचून गंज आधी येतो. दिवाळीनंतर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा नळीने साध्या पाण्याने धुवा.

पागोळी

पन्हळीबद्दल. कोकणात कित्येक घरं पन्हळीशिवाय आहेत आणि खाली जांभ्याची फरसबंदी असेल तर ते चालतंही. मागच्या बाजूला तुम्ही पागोळ्या तशा सोडल्यात तरी घराचं बिघडणार नाही. फक्त घळींच्या तोंडाशी नाही. तिथे सगळं पाणी एका जागी पडतं आणि एका पावसाळ्यात जोत्याशी खड्डा करतं. निदान दोन घळींच्या तोंडाला छोटी पेटी आणि खाली ४ इंची पाइप द्या.

पुढच्या बाजूला मात्र पन्हळ लागेल, आणि ती पडवीच्या बाहेरच्या वळचणीला. मुख्य पाख्याचं पाणी पडवीवर येतं, म्हणून हिशोब दोन्हींचा करा: ४० × १४ आणि ४० × ७, मिळून ८४० चौरस फूट, म्हणजे ७८ चौरस मीटर. १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. जोराच्या सरीसाठी ताशी १५० मिमी धरले तर ताशी ११,७०० लिटर, सेकंदाला सव्वातीन लिटर. ६ × ६ इंची चौकोनी पन्हळ आणि ४ इंची एक तोंड एवढं पाणी सहज नेतं. तरीही तोंडं दोन ठेवा, दोन्ही टोकांना, कारण एक पानांनी तुंबणारच.

उतार मध्यापासून दोन्ही टोकांकडे, मीटरला ५ मिमी. म्हणजे ४० फुटांत मध्य टोकापेक्षा ३० मिमी उंच. ब्रॅकेट दर २ फुटांवर. पाण्याने भरलेली ६ × ६ पन्हळ मीटरला २२ किलोपेक्षा जास्त भरते, तीन-चार फुटांवरचे ब्रॅकेट वाकतात. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा १५ ते २० मिमी खाली ठेवा. तुंबलीच तर पाणी बाहेर सांडतं, पडवीत येत नाही. ही एक गोष्ट विसरली की तुंबलेल्या पन्हळीचं पाणी थेट झोपाळ्यावर.

पत्रा पन्हळीत ५० मिमी आत यावा. जास्त आला तर हात घालून पानं काढता येत नाहीत, कमी आला तर वाऱ्यात पाणी पन्हळीच्या मागे पडतं.

लाल_चिरा

सगळ्यांचे आभार, फॅब्रिकेटरला हे सगळं नगवार लिहून देतो. दोन शंका राहिल्या. स्वयंपाकघरात चूल आहे. आतापर्यंत धूर कौलांच्या फटींतून जात होता, आता फोम घालून रिज बंद केली तर तो कुठून जाईल? आणि काम झाल्यावर, पावसाची वाट न पाहता तपासायचं कसं?

आढं_ते_वळचण

स्वयंपाकघराच्या रिजखालचा फोम काढून टाकायचा मोह होईल, तो टाळा. झड आत येते आणि काजळी फोमशिवायच्या जागेत चिकटून पत्र्याचा खालचा लेप खराब करते. चुलीवर धुरांड्याचा पाइपच घाला. तो आढ्याजवळ, पण रिजपासून फूटभर खाली पत्र्यातून बाहेर काढा. आढ्याजवळ भोक घेतलं की त्याच्या वरच्या अंगाला पाणी थोडंच असतं. मधे किंवा वळचणीजवळ घेतलं तर वरच्या सगळ्या पाख्याचं पाणी पाइपला येऊन भिडतं. घळीपासून तर लांबच ठेवा.

भोकाला रबराची गळपट्टी मिळते, खालची कड पत्र्याच्या रिबांवर हाताने वाकवून बसवता येते. साधी काळी ईपीडीएमची गरम धुरांड्याला चालत नाही, लाल सिलिकॉनची घ्या. ती तिरकी बसवा, चौकोनाचा एक कोपरा चढाकडे करून, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंनी वाटलं जातं. गळपट्टीखाली सीलंट, कडेला दर ४० मिमीवर स्क्रू. पाइपच्या वर टोपी, आणि पाइप रिजपेक्षा किमान २ फूट उंच, नाहीतर पश्चिमेचा वारा धूर परत आत ढकलतो.

तपासणी नळीने करा. नेहमी खालून सुरू करून वर जायचं: आधी पन्हळ, मग घळ, मग भिंतीची पट्टी, शेवटी रिज. प्रत्येक जागी १५ मिनिटं पाणी, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडून वाहतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही. पाणी पाऊस पडतो तसं वरून सोडा. नळी पत्र्याच्या जोडात खालून वर धरली तर चांगला जोडही गळेल. घळीत मात्र मुद्दाम एका पाख्यावरून बादल्या ओता, एकापाठोपाठ तीन-चार, आणि पाणी समोरच्या दुमडीपर्यंत चढून परत येतं का ते पाहा.

फॅब्रिकेटरची शेवटची रक्कम या तपासणीनंतर द्यायची, हे कोटेशनवर सही करण्याआधीच ठरवून घ्या.

जस्त_अॅल्युमिनियम

एक भर. माल उतरवताना पत्रे आणि पट्ट्या अंगणात प्लॅस्टिकखाली गच्च बांधून ठेवू नका. दोन पत्र्यांच्या मधे अडकलेलं दव आणि पावसाचं पाणी सुकत नाही आणि रंगाखाली पांढरट डाग धरतात. खाली लाकडी ठोकळे, एक टोक उंच, आणि वरून ताडपत्री बाजूंनी मोकळी. पट्ट्यांवर पारदर्शक संरक्षक फिल्म असेल तर ती बसवण्याआधीच सोला. महिनाभर उन्हात राहिलेली फिल्म नंतर नखाने निघत नाही आणि तिच्या कडेखाली पाणी साचून राहतं.